बाखच्या पहिल्या प्रिल्यूडवर पियानोची पारख

योहान सेबास्टियन बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’चा पहिला भाग १७२२चा. त्यातलं पहिलंच प्रिल्यूड पांढरी एकच्या षड्जावर उभं आहे. ते अवघ्या ३५ आवर्तनांचं आहे (पाश्चात्त्य लेखनातल्या ‘बार’ला मी इथे आवर्तन म्हणतो आहे). दिवसभर संगणकावर काम करून रात्री पियानोपाशी बसणारी जी माणसं मला माहीत आहेत, त्यांतली बहुतेक कधी ना कधी या रचनेपाशी येऊन थांबली आहेत. सुरुवातीला ती सोपी वाटते म्हणून येतात आणि सोपी नाही हे कळल्यावर राहतात. त्यांच्यापैकी कुणी डिजिटल पियानो घ्यायला निघालं आणि मला विचारलं, तर मी एवढंच सांगतो, की दुकानात माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि हे प्रिल्यूड संथ वाजवा. वाद्याबद्दल जे जे कळायला हवं, ते जवळजवळ सगळं या ३५ आवर्तनांत आहे.

रचनेची बांधणी आधी पाहू. प्रत्येक आवर्तनात पाच स्वर. खालचे दोन डाव्या हाताचे. ते वाजवायचे आणि धरून ठेवायचे. वरचे तीन उजव्या हाताचे, आणि ते लगेच पुन्हा एकदा. म्हणजे एक-दोन-तीन-चार-पाच-तीन-चार-पाच. ही आठ स्वरांची साखळी त्याच आवर्तनात जशीच्या तशी दुसऱ्यांदा येते. पुढच्या आवर्तनात स्वर बदलतात, साखळी तीच राहते. पहिल्या ३२ आवर्तनांत हा नियम एकदाही मोडत नाही. ३२ गुणिले १६ म्हणजे ५१२. हा आकडा दिसला की प्रोग्रामर माणूस हरखतो, आणि त्याच्या त्या आनंदात मला काही उथळ वाटत नाही. पाच-पाच स्वरांच्या ३२ याद्या लिहिल्या आणि साखळीचा नियम एकदा सांगितला, की जवळजवळ सगळं प्रिल्यूड लिहून होतं. बाखने आपल्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, १७२०मध्ये एक शिकवणीची वही सुरू केली होती. तिच्यात या प्रिल्यूडचं आधीचं, आखूड रूप सापडतं. बाप मुलाला बोटांबरोबर विचारही शिकवत होता, हे त्या वहीवरून कळतं.

या बांधणीची किंमत मात्र मोठी आहे. इथे गुणगुणता येईल अशी चाल नाही. लयीत वळण नाही, ताना नाहीत, थांबे नाहीत. लेखनात गती सांगितलेली नाही, हळू-मोठ्याच्या खुणाही नाहीत. शार्ल गुनोला ही मोकळी जागा इतकी खुणावली, की १८५३मध्ये त्याने या प्रिल्यूडवर आपली एक चाल बसवली. पुढे ‘आवे मारिया’ म्हणून ती जगभर गेली. ती चाल गोड आहे, पण तिच्यामुळे बाखचे स्वर मागे सरकून साथीला बसतात. मला ते मूळ रूपातच, चालीशिवाय हवेत. चाल काढून घेतली की कानाला दोनच गोष्टी उरतात : एका स्वरसमूहातून दुसऱ्यात जाताना काय होतं, आणि प्रत्येक स्वर कोणत्या वजनाने पडतो.

पहिली गोष्ट पेटीवरही तपासता येईल. पहिलं आवर्तन : सा ग प, वर तार सा आणि तार ग. दुसऱ्यात खालचा सा जागचा हलत नाही, पण त्याच्यावर रे, ध, तार रे, तार म येतात. आपलं घर जागेवर असूनही त्याच्याभोवतीचं सगळं बदललेलं असतं. तिसऱ्यात तळाचा सा अर्ध्या स्वराने खाली, मंद्र निषादावर येतो, आणि चौथ्यात परत पहिलं आवर्तन. चार आवर्तनांत घराबाहेर पडून घरी. पाचव्यात उजवा हात तार धैवतापर्यंत जातो. सगळ्या रचनेतला हा सर्वांत उंच स्वर. शिखर इतक्या लवकर गाठून बाख पुढची सगळी वाट उताराची ठेवतो, आणि या उतारातच प्रिल्यूडचं खरं सौंदर्य आहे.

आठवं आवर्तन मला विशेष प्रिय आहे. इथे डाव्या हातात मंद्र नी आणि त्याला चिकटून सा, असे दोन शेजारी स्वर एकाच वेळी धरायचे असतात. ते एकमेकांना घासतात. पण ही घासण कर्कश नाही, कारण वरून ग, प, सा येऊन तिला सामावून घेतात. सोळाव्या आवर्तनात अशीच जोडी मंद्र ग आणि म यांची. एकोणिसाव्यात मग पहिल्या आवर्तनाचे तेच पाच स्वर येतात, पण नेमके एक सप्तक खाली. उतरण इतकी हळू असते, की आपण किती खोल आलो हे त्या क्षणीच लक्षात येतं.

दुकानातली पहिली परीक्षा याच उतारावर घ्यावी. डिजिटल पियानोत खऱ्या पियानोचे स्वर वेगवेगळ्या जोरात वाजवून मुद्रित केलेले असतात, किंवा गणिताने घडवलेले असतात. मुद्रण काटकसरीने केलेलं असलं, तर एकच ध्वनी ताणून-आखडून शेजारच्या पट्ट्यांनाही वापरलेला असतो. एरवी हे कळत नाही. पण हा उतार सारख्या साखळीत आणि सारख्या वजनात जातो, त्यामुळे एखाद्या पट्टीपाशी आवाजाचा पोत अचानक बदलला तर कानाला ते लगेच टोचतं. आठव्या आवर्तनातली नी-सा जोडी तिथेच धरून बघावी. चांगल्या वाद्यात दोन्ही स्वर वेगळे ऐकू येतात आणि त्यांच्यातली घासणही ऐकू येते. सुमार वाद्यात नुसता गढूळ आवाज येतो.

प्रिल्यूडचा सर्वांत धाडसी भाग यानंतर येतो. विसाव्या आवर्तनात कोमल निषाद शिरतो आणि सगळं मध्यमाकडे झुकतं. तळाचा स्वर आता असा चालतो : एकविसाव्यात अतिमंद्र म, बाविसाव्यात तीव्र म, तेविसाव्यात कोमल ध, आणि चोविसाव्यात प. म्हणजे पंचम वाटेत असूनही बाख त्याला ओलांडून पलीकडे जातो आणि मग वरून त्याच्यावर उतरतो. दोन्ही बाजूंनी पंचमाला वेढा घातला जातो, पण त्याला स्पर्श होत नाही. तेविसाव्या आवर्तनात वर नी, सा, रे हे तीन शेजारी स्वर दाटीने येतात. बाखला जाऊन तीन दशकं उलटल्यावर, १७८३च्या एका नकलेत, श्वेन्के नावाच्या संगीतकाराने बाविसाव्या आणि तेविसाव्याच्या मध्ये आपलं एक आवर्तन घुसवलं. तिथे तळाला पंचमच येतो, आणि तीव्र म ते कोमल ध ही उडी गुळगुळीत होते. गुनोने हेच जास्तीचं आवर्तन घेतलं, म्हणून ‘आवे मारिया’त ते आजही ऐकू येतं. मला हा बदल रचनेचं नुकसान करणारा वाटतो. पंचम एकदा आधीच ऐकवला, की चोविसाव्या आवर्तनातलं त्याचं येणं फिकं पडतं. शिवाय त्या येण्यावर पुढचं सगळं उभं आहे, कारण तिथपासून आठ आवर्तनं तळाला तोच पंचम राहतो.

हा लांबलेला पंचम म्हणजे वाद्याच्या आवाजाची खरी कसोटी. पियानोचा स्वर वाजवल्या क्षणापासून मावळायला लागतो. खर्जाच्या तारेत वरचे सूक्ष्म नाद आधी विरतात आणि मूळ नाद मागे राहतो, म्हणून स्वराची आस नुसती लहान होत नाही, तिचा रंगही बदलत जातो. चांगल्या डिजिटल पियानोत ही लांब आस पूर्ण मुद्रित केलेली असते किंवा नीट घडवलेली असते. स्वस्तातल्या वाद्यात सुरुवातीचा आघात खरा असतो आणि पुढे एकच तुकडा फिरत राहून फक्त आवाज कमी होतो. अतिमंद्र पंचम एकटा वाजवावा, पट्टी धरून ठेवावी आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत ऐकावं. दुकानदार अस्वस्थ होईल, होऊ द्यावा. दुसरी चाचणी अनुनादाची. खालच्या षड्जाची पट्टी आवाज न करता हळूच दाबून धरावी आणि वरचा सा तुटक वाजवावा. खऱ्या पियानोत खालची तार आपसूक गुणगुणते. ते गुणगुणणं वाद्यात आहे की नाही, हे लगेच समजतं. रे कर्झवाइलने १९८४मध्ये ‘के२५०’ हा कीबोर्ड आणला, त्यामागे स्टीव्ही वंडरने दोन वर्षांपूर्वी बोलून दाखवलेली इच्छा होती : संगणकाच्या बळावर वाद्य चालावं, पण आवाज खऱ्या वाद्यांचा यावा. ती इच्छा आज चाळीस वर्षांनी मध्यम किमतीच्या वाद्यातही बऱ्यापैकी पुरी होते.

आता वजनाकडे येऊ, कारण मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. आपल्याकडे पियानोकडे वळणाऱ्या अनेकांची बोटं पेटीवर तयार झालेली असतात. पेटीची पट्टी हळू दाबली काय नि जोरात दाबली काय, सूर तेवढाच लागतो. लहान-मोठा आवाज भात्याच्या हाताकडे असतो. पी. मधुकर किंवा तुळशीदास बोरकर यांची पेटी ऐकताना जो जीव जाणवतो, तो भात्याच्या श्वासात आणि स्वर सोडण्याच्या वेळेत आहे. पाइप ऑर्गनचंही तेच. संगणकशास्त्राचा महर्षी डोनाल्ड नूथ याने घरात पाइप ऑर्गन बसवून घेतला आहे, आणि त्याची ‘फँटासिया अपोकॅलिप्टिका’ ही ऑर्गनरचना १० जानेवारी २०१८ला, त्याच्या ८०व्या वाढदिवशी, स्वीडनमधल्या पितेओ इथे प्रथम वाजली. त्या वाद्यातही बोटाच्या जोराला अर्थ नसतो. संगणकाच्या कीबोर्डवर तर ‘क’ कसाही दाबा, पडद्यावर उमटणारा ‘क’ तोच. ज्याचा सगळा दिवस अशा कळा दाबण्यात जातो, त्याच्या बोटांना आपण कसे पडतो हे विचारणारं कुणी नसतं. पियानो ते विचारतो. या माणसांना तो इतका का ओढतो, याचं माझ्यापाशी हेच उत्तर आहे, आणि म्हणून त्यांनी स्वतःसाठी वाद्य निवडताना सर्वांत आधी पट्टीचं वजन पाहावं असं मला कळकळीने वाटतं.

पट्ट्यांची संख्या त्यामानाने दुय्यम आहे. हे प्रिल्यूड तळाच्या षड्जापासून तार धैवतापर्यंत जातं, आणि ६१ पट्ट्यांच्या साध्या कीबोर्डवर ते पूर्ण मावतं. शेवटच्या आवर्तनांतला सर्वांत खालचा सा नेमका त्या कीबोर्डची सर्वांत डावीकडची पट्टी. तरीही ते त्यावर वाजत नाही. स्प्रिंगच्या हलक्या पट्टीवर हळू वाजवायला गेलं तर स्वर उमटतच नाही, नाहीतर एकदम ओरडतो. खऱ्या पियानोची पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजन लागतं, खर्जाकडे थोडं जास्त, वर थोडं कमी, आणि खाली जाताना पट्टी एक हातोडी उचलत असते. चांगल्या डिजिटल पियानोत तशीच हातोडीसारखी तरफ असते. पट्टीखालचे सेन्सर दोन बिंदूंमधला वेळ मोजतात आणि त्यावरून आघाताचा वेग ठरवतात. १९८३मध्ये ठरलेल्या मिडी पद्धतीत तो वेग १ ते १२७ या आकड्यांत लिहिला जातो.

प्रोग्रामर मंडळींनी इथे आपली विद्या जरूर वापरावी. पियानो लॅपटॉपला जोडून प्रिल्यूड मुद्रित करावं आणि त्या ५१२ स्वरांचे वेग एका रांगेत काढून पाहावेत. साखळीतल्या तिसऱ्या स्वरावर बहुतेकदा उजव्या हाताचा अंगठा पडतो आणि तिथे आकडा उसळी मारतो. पाचवा स्वर करंगळीचा किंवा अनामिकेचा, तिथे तो डळमळतो. आपल्या हाताची इतकी स्वच्छ ओळख दुसरं कुणी करून देत नाही. पण सगळे आकडे सपाट ६४वर आणणं हे ध्येय नव्हे. ते संगणक बोटांशिवायही करतो. मॅक्स मॅथ्यूजने १९५७मध्ये बेल लॅबमध्ये आयबीएमच्या ७०४ संगणकाकडून पहिल्यांदा १७ सेकंदांची रचना वाजवून घेतली. तो स्वतः हौसेने व्हायोलिन वाजवायचा. पुढे त्याने ‘रेडिओ बॅटन’ नावाचं साधन केलं, ज्यात स्वर संगणक सांभाळतो आणि गती, जोर, भाव माणसाच्या हातातल्या काठ्यांकडे राहतात. यंत्राकडून आधी स्वर काढून घेणाऱ्या माणसाला शेवटी हाताचा जोर माणसाकडेच ठेवावासा वाटला, यात मला मोठं शहाणपण दिसतं.

प्रिल्यूडमध्ये तो जोर कुठे द्यायचा? माझं मत असं, की वरच्या स्वराला उचलू नये. पहिले दोन स्वर भरीव ठेवावेत, उरलेले त्यांच्यावर तरंगू द्यावेत, आणि बाविसाव्या-तेविसाव्या आवर्तनात आवाज वाढवण्याऐवजी गती किंचित भारी करावी. पंचमाच्या आठ आवर्तनांत मात्र आवाज वाढत जावा. थोरामोठ्यांनी याहून फार वेगळं केलं आहे. ग्लेन गूल्ड उजव्या हाताचे स्वर तुटक वाजवतो आणि रचनेचा सांगाडा लखलखीत दिसतो. आंद्राश शिफ बाख पेडलशिवाय वाजवतो. धरलेल्या स्वरांची आस फक्त बोटांनी सांभाळतो. लेखनात डाव्या हाताचे स्वर लांब धरलेले आहेतच, त्यामुळे पेडल नसला तरी काही तुटत नाही. शिकणाऱ्याने आधी शिफची वाट धरावी. पेडल लागेल तेव्हा अर्धा दाबता येणारा घ्यावा. बऱ्याच वाद्यांबरोबर येणारा छोटा चौकोनी पेडल चालू किंवा बंद एवढंच जाणतो, आणि पंचमाच्या जागी त्याने चिखल होतो.

घराचा विचारही करायला हवा, तो थोडक्यात. अमेरिकेशी कॉल संपवून अकरा वाजता वाजवायला बसणाऱ्याला हेडफोन ही सोय फार मोलाची आहे, पण पट्ट्यांचा धपधप आवाज स्टँडमधून खालच्या मजल्यावर जातोच. स्टँडखाली जाड रबरी चटई घालावी. आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत लाकूड फुगण्याची, सूर उतरण्याची चिंता डिजिटल पियानोला नाही.

वाद्य पारखण्याच्या या खटाटोपात कुणाला कमीपणा वाटू नये, कारण तो खुद्द बाखचा व्यवसाय होता. नवे ऑर्गन तपासायला त्याला गावोगावी बोलावत. त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल सांगतो, की बाख आधी सगळे स्वरसंच एकदम उघडून वाद्याची फुप्फुसं किती दमदार आहेत ते पाहायचा. गॉटफ्रीड सिल्बरमानने जर्मनीत नवा पियानो बनवला, तोही बाखने वाजवून पाहिला. त्याचा शिष्य आग्रिकोला याने लिहून ठेवलं आहे, की बाखने आवाजाची तारीफ केली, पण वरचे स्वर फार दुबळे आणि वाजवायला वाद्य फार जड, असा निर्वाळा दिला. सिल्बरमान दुखावला, पण पुढे बरीच वर्षं खपून त्याने सुधारणा केल्या आणि शेवटी बाखची पसंती मिळवली. वरच्या पट्ट्या पातळ आणि बोटाखाली जडपणा, हे दोन दोष आजही दुकानात पहिल्यांदा बघावेत असेच आहेत.

शेवटची एक सोय अशी, की जी खऱ्या पियानोत सहज मिळत नाही आणि म्हणून डिजिटल वाद्य घेणाऱ्याने मुद्दाम मागावी. आजचा पियानो बारा सारख्या अंतरांत जुळवलेला असतो. त्यात गंधार शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या भागाइतका. आपल्या कानाला ही तक्रार जुनी आहे. पेटीवर १९४०पासून आकाशवाणीत बंदी होती, तिच्यामागे हाही एक आक्षेप होता. त्याआधी कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी श्रुतींची पेटी बनवण्यासाठी खटपट केली. दोघेही सरकारी अधिकारी, संगीत हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हे. यामाहाच्या क्लॅव्हिनोव्हासारख्या वाद्यांत ही जुळवणी बदलता येते. बाखचा शिष्य किर्नबर्गर याच्या नावाची जुळवणी त्यात असते. ती लावून प्रिल्यूड सुरू केलं, की पहिल्या आवर्तनातला गंधार षड्जावर निवांत टेकतो. घर सोडून बाहेर जावं तसतसा गंधारांतला ताण वाढतो, आणि बाविसाव्या-तेविसाव्यात तो कानाला स्पष्ट कळतो. सम अंतरांच्या जुळवणीत सगळी आवर्तनं सारखीच किंचित बेसूर असतात, म्हणून तिथे हा प्रवास फक्त बुद्धीला समजतो. दोन वाद्यांमध्ये निवड अडली आणि एकात ही जुळवणी असली, तर मी ते घेईन, मग त्याचे स्पीकर थोडे लहान असले तरी चालतील.